पाणमांजराच्या पिल्लाचा आवाज

आमच्या घरी पहिल्यांदा येणाऱ्या पाहुण्याला वाटायचं की आत भांडण चाललंय. आई ‘जेवायला बसा’ म्हणायची तेसुद्धा ओरडून. पप्पा कल्याणजवळच्या मोहने गावातल्या रेयॉन कारखान्यात स्पिनिंग म्हणजे धागा काढायच्या खात्यात होते. तिथल्या मशीनच्या आवाजात वर्षानुवर्षं उभं राहून त्यांचे कान मंद झाले होते. त्यांच्यामुळे आम्ही सगळेच वरच्या पट्टीत बोलायला लागलो. असं आमचं एकच घर नव्हतं. आमच्या चाळीत कुठल्या घरात काय शिजतंय, कोणाचा पाहुणा कधी निघणार आहे, हे सगळ्यांना बसल्या जागी ऐकू यायचं.

पण पप्पा खरे ऐकायचे ते डोळ्यांनी. खात्यात आवाज काढून बोलण्याचा काही उपयोग नसायचा, म्हणून तिथले कामगार एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलायचे. आवाज न काढता, फक्त ओठ नीट हलवायचे. चहा आला, धागा तुटला, रविवारी लग्नाला येतोस का, सगळं काही. ती सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की मी पाठमोरी राहून काही बोलले तर ते म्हणायचे, “इकडे तोंड कर, मग बोल.” शाळेत बाईंनी मला एकदा विचारलं, तू प्रत्येक शब्द एवढं तोंड फाकवून का बोलतेस. मला वाटायचं, सगळे असंच बोलतात.

टीव्ही आल्यावर पप्पांची पंचाईत झाली. टीव्हीतली माणसं पाठमोरी बोलतात, अंधारात बोलतात, एक बोलत असताना कॅमेरा भलत्याकडेच बघत असतो. मग मी टीव्हीच्या शेजारी स्टूल टाकून पप्पांकडे तोंड करून बसायचे आणि कोण काय म्हणालं ते सांगायचे. पप्पांना कार्टून सगळ्यात जास्त आवडायचं. धावणं, पडणं, भिंतीवर आपटणं याला कान लागत नाहीत. फक्त पात्रं बोलायला लागली की ते अडायचे.

“हा नुसता तोंड उघडतोय, मिटतोय,” ते म्हणायचे. “शब्द कुठंय त्यात?”

ते खरंच होतं. कार्टूनच्या ओठांवरून काहीच वाचता येत नाही. मला तेव्हा हिंदीही नीट कळत नव्हतं, मग मी मनानेच बनवून सांगायचे. बोका म्हणतोय, रेशनच्या लाइनीत माझा नंबर आधी होता. कुत्रा म्हणतोय, तुझं कार्डच केशरी आहे. पप्पा पोट धरून हसायचे, पण त्यांची एक अट असायची. पात्राचं तोंड मिटल्यावर माझा एक शब्द जरी उरला तरी ते बोट वर करायचे. “त्याचं तोंड मिटलं. तू अजून बोलतेस.” किंवा उलट, “तो अजून बोलतोय, तू गप्प का?” मग मी वाक्यं आखडायला शिकले, लांबवायला शिकले, मध्येच एखादा ‘अरे’, एखादा ‘बरं का’ घालून जागा भरायला शिकले. आमचा तो संध्याकाळचा खेळ होता. जगात कुठेतरी हेच काम करून माणसं पोट भरतात, याची मला काहीच कल्पना नव्हती.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे लिहिताना मला अजूनही ताठ बसावंसं वाटतं. पाचवीपासून आंबिवलीची शाळा, मग कल्याणचं कॉलेज, शिष्यवृत्ती, कॉमर्स. मी दुसऱ्या वर्षाला असताना कारखाना बंद पडला. पप्पा कल्याणला एका सोसायटीत वॉचमन म्हणून जायला लागले. ज्यांचं ऐकायचं त्यांच्या ओठांकडे टक लावून बघणारा वॉचमन पाहून लोक आधी बिचकायचे, मग सवय झाली. त्या दिवसांत आई-पप्पांपैकी कोणीही मला ‘कॉलेज सोड’ म्हणालं नाही. शेजारचे म्हणाले, नातेवाईक म्हणाले, पण त्या दोघांनी तो शब्द घरात येऊ दिला नाही.

पदवीनंतर ठाण्यात वागळे इस्टेटला एका कुरिअर कंपनीत फोनवर बसायचं काम मिळालं. त्याच मजल्यावर पलीकडच्या गाळ्यात एक साउंड स्टुडिओ होता. तिथल्या डबिंग डायरेक्टर मॅडम, पन्नाशीच्या, डोंबिवलीच्या, त्यांची पार्सलं टाकायला आमच्याकडे यायच्या. एकदा मी फोनवर कोणाला तरी भिवंडीचा पत्ता समजावून सांगत होते आणि त्या काउंटरवर कोपर टेकवून ऐकत उभ्या होत्या. मी फोन ठेवल्यावर म्हणाल्या, दुपारी दोन जण आले नाहीत, जेवणाच्या सुट्टीत येशील का, गर्दीचा आवाज द्यायचाय.

मी डबा तसाच ठेवून गेले. एका माइकभोवती पाच-सहा जण उभे होते. पडद्यावर कार्टूनमधला बाजार होता, आणि बाजाराची कुजबुज, हाका, घासाघीस एवढंच द्यायचं होतं. मला बाजार माहीत होता तो कल्याण स्टेशनबाहेरचा. मी छातीतून हाक दिली, ‘कांदाऽऽ घ्या, कांदा!’ काचेपलीकडच्या रेकॉर्डिस्टने हेडफोन ओढून काढला आणि कान चोळला. सगळे हसले. मॅडमही हसल्या. म्हणाल्या, “अगं, गर्दी मागे असते. ती हीरोच्या अंगावर यायची नाही.”

मला तिथून पळून परत कुरिअरच्या खुर्चीत जाऊन बसावंसं वाटलं. पण गर्दी संपल्यावर एका म्हाताऱ्या कासवाची दोन वाक्यं उरली होती आणि ती करणारी बाई आली नव्हती. मॅडमनी कागद माझ्या हातात दिला. मी तो एकदा वाचला आणि पडद्याकडे बघत राहिले. कासवाचं तोंड उघडलं तेव्हा मी सुरू केलं, मिटलं तेव्हा थांबले. कागदावरचं वाक्य तोंडापेक्षा लांब होतं म्हणून दोन शब्द मी मनानेच गाळले. बोलून झाल्यावर लक्षात आलं की आपण लिहिलेलं बदललं. मॅडमनी ती वाक्यं पुन्हा लावून ऐकली. मग त्यांनी विचारलं, हे कुठे शिकलीस. मी म्हटलं, घरी. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय.

पुढची काही वर्षं मी ‘मुलगा दोन’, ‘बाई तीन’, मेंढी, वाऱ्याने उडणारी छत्री असं बरंच काही झाले. कुरिअरची नोकरी सुटली. लग्न होऊन डोंबिवलीला आले. नवरा औषधाच्या दुकानात काम करतो. माझं काम काय हे त्याच्या घरच्यांना समजावताना तो सांगायचा, ‘ती टीव्हीत असते, पण दिसत नाही.’ या कामाच्या बारीकसारीक गोष्टी मला आवडायच्या. बांगड्या घालायच्या नाहीत, कडक इस्त्रीचा ड्रेस घालायचा नाही, कारण माइकला त्याची सळसळ ऐकू येते. उपाशीपोटी यायचं नाही. एकदा मी चतुर्थीला उपास करणाऱ्या एका मैत्रिणीबरोबर रेकॉर्डिंगला उभी होते, तर रेकॉर्डिस्ट म्हणाला, “वाक्य छान झालं, पण मध्ये कोणाचं तरी पोट बोललं.” आणि माझी एक गंमत फक्त मलाच माहीत होती. काचेपलीकडे बटण बंद करून ते आपसांत काय बोलतात, ते मला इकडून सगळं वाचता यायचं. ‘हिला भूक लागलीय, चिडेल, आधी चहा सांग’ असं मॅडम म्हणाल्या की मी चहा यायच्या आधीच खूश व्हायचे.

मग मला ते पिल्लू मिळालं. एका परदेशी मालिकेतलं पाणमांजराचं पिल्लू. सहा-सात वर्षांच्या मुलासारखं, सारखे प्रश्न विचारणारं, हसता हसता पाण्यात पडणारं. आमची उल्हास नदी मोहन्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, पण तिच्यात पाणमांजर मी कधी पाहिलं नाही. तरी त्या पिल्लाचा आवाज मला पहिल्या दिवशीच सापडला. थोडा घोगरा, थोडा चिरका, दम लागल्यासारखा. मुख्य पात्र, मराठीतून, आणि आवाज माझा. आमच्या सोसायटीतली मुलं जिन्यात त्याच्यासारखं बोलायची आणि मी भाजीची पिशवी घेऊन त्यांच्यामधून वर जायचे. एकदाही थांबून सांगितलं नाही. सांगायची गरजच वाटायची नाही, इतकं ते सुख भरलेलं होतं.

त्या सुखाला एक भीती चिकटलेली होती. मला मिळालेली प्रत्येक गोष्ट, कोणाचा तरी विचार बदलला तर परत जाईल, असं मला कायम वाटायचं. कॉलेजची फी भरताना वाटायचं, नोकरीचं पत्र हातात घेताना वाटायचं. माझ्यासारख्या घरातून आलेल्या बऱ्याच जणांना हे कळेल. म्हणून मी काम करायचे ते जीव तोडून. बाकीचे कलाकार रिहर्सल हळू आवाजात करायचे, मी पूर्ण ताकदीने. पडणं, किंचाळणं, ठसका, रडणं, याला आमच्यात रिअ‍ॅक्शन म्हणतात. त्याने घसा सोलून निघतो, म्हणून अनुभवी माणसं ते दिवसाच्या शेवटी ठेवतात. मी सकाळीच करून टाकायचे. दुसरा टेक चांगला झाला तरी मीच म्हणायचे, अजून एक देते. मॅडमनी दोन-तीनदा समजावलं. मी मान हलवायचे. मनात पप्पांचं एकच वाक्य असायचं, जे त्यांनी मला शाळेपासून नोकरीपर्यंत प्रत्येक पायरीवर ऐकवलं होतं. कामात अंग चोरायचं नाही.

आवाज बसायला लागला तेव्हा मी ज्येष्ठमध चघळलं. सकाळी घोगरा निघायचा, दुपारपर्यंत मोकळा व्हायचा. मग दुपारीही मोकळा होईना. आणि एक दिवस पिल्लाला नदीच्या पलीकडून आईला हाक मारायची होती. मी तोंड उघडलं आणि नुसती हवा आली. पुन्हा केलं, पुन्हा हवा. काचेपलीकडे मॅडम उठल्या. आत आल्या, माझ्या कानांवरचे हेडफोन स्वतः काढले आणि मला डॉक्टरकडे पाठवलं.

ठाण्याच्या त्या डॉक्टरबाईंनी घशात बारीक कॅमेरा घालून मला माझे स्वरतंतू पडद्यावर दाखवले. दोन पांढऱ्या पट्ट्या, आणि दोन्हींवर समोरासमोर एकेक फुगीर ठिपका. म्हणाल्या, कष्ट करणाऱ्याच्या हाताला घट्टे पडतात ना, तसेच हे आहेत. तीन आठवडे पूर्ण मौन. कुजबुजायचंही नाही, कुजबुजण्याने जास्त ताण पडतो. मग व्यायाम. मी कागदावर लिहून विचारलं, आवाज परत येईल का.

त्यांनी मला गोड बोलून फसवलं नाही, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. “बोलण्यापुरता नक्की येईल,” त्या म्हणाल्या. “कार्टूनपुरता येतो का, ते बघू.”

पिल्लाच्या नव्या भागांचं रेकॉर्डिंग पुढच्या महिन्यात सुरू होणार होतं. मॅडमनी तेही सरळ सांगितलं. मी जमेल तेवढं थांबवून धरते, म्हणाल्या, पण चॅनलला पिल्लू हवंय, तू नाही. महिन्याभरात तू उभी राहिली नाहीस तर दुसरं कोणीतरी त्याचा आवाज होईल. एका मुलीचा आवाज त्यांनी आधीच ऐकून ठेवला होता. डोंबिवलीचीच, कॉलेजात शिकणारी. मला त्यांचा राग आला नाही. मॅडमनी मलाही एकदा न आलेल्या बाईचं कासव दिलं होतं.

डोंबिवलीच्या घरी मौन जमेना. नवरा भला माणूस, पण मी खुणा केल्या की तो ‘काय?’ विचारायचा, आणि त्या ‘काय?’ला उत्तर द्यायला माझा घसा आपोआप पुढे यायचा. तिसऱ्या दिवशी तो स्वतःच म्हणाला, तू मोहन्याला आई-पप्पांकडे जा, तिथे तुला बोलायची गरज पडणार नाही. हे त्याला कसं सुचलं कोण जाणे. मी तोपर्यंत त्या दिशेने विचारच केला नव्हता.

मोहन्याला पोचल्यावर संध्याकाळी पप्पा समोर बसले आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी आवाज न काढता, श्वाससुद्धा न सोडता, नुसते ओठ हलवले. चहा हवा. त्यांनीही आवाज न काढता विचारलं, साखर किती. मग डॉक्टर काय म्हणाल्या, स्टुडिओत काय झालं, ती दुसरी मुलगी कोण, आमचं सगळं बोलणं झालं आणि घरात चिडीचूप. आई आतून पदराला हात पुसत आली. “घरात दोन माणसं बसलीत की दोन भिंती?” तिने विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला आमच्या घरात शांततेचा त्रास झाला असेल.

पावसाळ्यातला तीन महिन्यांचा वर्षावास चालू होता. आई रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचनाला जायची. शेजारच्या मावशींनी मला गप्प बसलेलं पाहून विचारलं, पोरीने वर्षावासाचं मौन धरलंय का. आई म्हणाली, डॉक्टरने धरायला लावलंय.

“मग त्या डॉक्टरचा पत्ता दे गं,” मावशी म्हणाल्या. “आमच्या सुनेला पाठवते.”

भिंतीपलीकडून सुनेचा आवाज आला. “आई, आधी तुम्ही जाऊन या. गुण आला तर मी जाते.”

मला हसू आलं आणि हसायचीही बंदी होती. मी उशीत तोंड खुपसलं.

मौनात दिवस फार लांब होतात. मी पिल्लाचे जुने भाग मोबाइलवर आवाज बंद करून बघायचे. त्याचं तोंड उघडायचं, मिटायचं, आणि मला वाटायचं, आता यात कोणाचे शब्द बसतील. एका सकाळी पप्पा माझ्याबरोबर बसून बघत होते. पिल्लू धबधब्यावरून खाली पडत होतं, लांबच लांब. पप्पांनी विचारलं, ही किंकाळी कितीदा दिलीस. मी बोटं दाखवली. पाच.

ते चिडले. बऱ्याच दिवसांनी मोठ्या आवाजात बोलले. “कोणी सांगितलेलं तुला घसा फाडायला?”

मी त्यांच्याकडे तोंड करून ओठ हलवले. तुम्हीच.

त्यांना वाटलं आपण चुकीचं वाचलं. “परत बोल.”

तुम्हीच. कामात अंग चोरू नको म्हणालेलात.

मग त्यांचे खांदे गदगदून हलताना मी पाहिले, आणि एका क्षणात ते एवढे मोठ्याने हसायला लागले की आई ओल्या हातांनी धावत आली. “अगं बये,” ते म्हणाले, “ते पोरांना सांगायचं असतं. आम्ही काय आठ तास अंग मोडत होतो काय? मेलो असतो.”

मग त्यांनी मला जे सांगितलं ते मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. खात्यात ते पाळ्या लावायचे. एक जण मशीनच्या मागे जाऊन पाठ टेकवायचा, बाकीचे त्याचं काम बघायचे, आणि टोकाला उभा असलेला साहेबावर नजर ठेवायचा. साहेब वळताना दिसला की ओठांवरून निरोप ओळीने मागेपर्यंत जायचा आणि पाठ टेकवलेला माणूस साहेब पोचायच्या आत उभा असायचा. नवा भरती झालेला, पहिल्या तासात सगळं करून दाखवणारा पोरगा महिन्याभरात आजारी पडायचा. मग त्यालाही पाळीत घ्यायचे.

“ओठांची भाषा कशाला शिकलो वाटलं तुला?” पप्पा म्हणाले. “कामासाठी?”

आई म्हणाली, “घ्या. आणि मी रोज यांना दोन चपात्या जास्त देत होते.”

खरं सांगायचं तर मला आधी राग आला. एवढं मोठं वाक्य मी इतकी वर्षं उरावर घेऊन चालले होते आणि ते स्वतः मशीनमागे झोपा काढत होते. त्या दिवशी मी जेवताना त्यांच्याकडे बघितलं नाही, म्हणजे आमच्या भाषेत अबोलाच धरला. पण दुपारी आडवी पडले तेव्हा खूप दिवसांनी माझे खांदे खाली आले. त्या माणसांनी पाळ्या लावल्या म्हणून ती इतकी वर्षं टिकली, कारखाना बंद पडला तेव्हा पप्पा अजून दुसरी नोकरी करण्याजोगे होते, आणि म्हणून माझं कॉलेज झालं. मी ज्या पदवीबद्दल सगळ्यांचे आभार मानत आले, तिच्यात त्या मशीनमागच्या विश्रांतीचाही हात होता.

तीन आठवड्यांनी डॉक्टरबाईंनी पुन्हा कॅमेरा घातला. ठिपके लहान झाले होते. मग आवाजाचे व्यायाम शिकवणाऱ्या एका तरुण मुलीकडे मला पाठवलं. तिने ग्लासभर पाणी दिलं, त्यात स्ट्रॉ घालून हळू ‘ऊ’ म्हणायला सांगितलं. पाण्यात बुडबुडे येत राहिले पाहिजेत, जोर लावला तर पाणी बाहेर उडतं. पहिल्या दिवशी माझा अर्धा ग्लास टेबलावर होता. डोंबिवलीला परत आल्यावर घरी सकाळ-संध्याकाळ बुडबुडे काढत बसायचे तेव्हा नवरा म्हणायचा, पिल्लू पाण्यात उतरलं वाटतं. हळूहळू पाणी ग्लासातच राहायला लागलं. आवाज परत आला. पण तो पहिल्यासारखा नव्हता. थोडा खाली होता, त्यातला चिरका भाग गेला होता.

मॅडमनी सांगितलं की चॅनल दोघींचा आवाज ऐकणार आहे. एकच प्रसंग, आधी ती, मग मी. प्रसंग तोच, नदीपलीकडून आईला मारलेली हाक. मी गेले तेव्हा ती मुलगी बाहेरच्या बाकावर होती. मला बघून उठून उभी राहिली. म्हणाली, “ताई, ते कासव तुमचं होतं असं मॅडमनी सांगितलं. मी शाळेत असल्यापासून ते करून दाखवते.” हाकेचा तो प्रसंग मला पाठ होता, तिलाही पाठ होता. ती आत गेली आणि तिने छान केलं. तिची हाक काचेच्या बाहेरपर्यंत ऐकू आली. ती हरावी असं मला वाटेना. आपण मात्र हरू नये, हे फार वाटत होतं.

माझी पाळी आली. पडद्यावर पिल्लाने काठावर उभं राहून मोठ्ठं तोंड उघडलं. आधीची मी असते तर त्या तोंडाएवढा जोर लावला असता. या वेळी वाटलं, ओरडतंय तर तेच ओरडतंय, तोंड त्याने एवढं उघडलंय. मला फक्त त्यात आवाज ठेवायचाय, सांडू द्यायचा नाही. मी माइकपासून अर्धं पाऊल मागे झाले, मान जराशी वर केली आणि लांबच्या माणसाला हाक मारतात तशी, पण ग्लासातले बुडबुडे मोडणार नाहीत एवढ्याच जोराने हाक मारली. ती लांब गेली. शेवटी थोडी फाटली. ‘पुन्हा करू का’ असं मी विचारणार होते, पण विचारलं नाही.

चार दिवस कोणाचा फोन नव्हता. मी घर झाडलं, डबे घासले, मोबाइल उपडा ठेवून पुन्हा सुलटा केला. पाचव्या दिवशी दुपारी मॅडमचा फोन आला.

“चॅनलवाले म्हणतात, पिल्लू थोडं मोठं झाल्यासारखं वाटतंय.”

मी हातातला डबा खाली ठेवला.

“नव्या भागांत ते शाळेत जातं,” त्या म्हणाल्या. “त्यांना मोठंच हवंय. सोमवारी ये. आणि रिहर्सल हळू करायची, नाहीतर मी तुला बाहेर काढेन.”

त्या मुलीला ते काम मिळालं नाही, पण मॅडमनी तिला थांबवून घेतलं. आता ती आमच्याबरोबर गर्दीत असते आणि आजवर ऐकलेल्यातली सगळ्यात चांगली मेंढी करते.

सोमवारी मी गेले. दिवसभर वाक्यं केली, पिल्लाचा शाळेचा पहिला दिवस, दप्तर, नव्या बाई. रिअ‍ॅक्शन शेवटी ठेवा, असं मी सकाळीच सांगितलं होतं आणि सांगताना माझा चेहरा गरम झाला होता. संध्याकाळी चार वाजून गेल्यावर किंकाळी आली. पिल्लू शाळेच्या घसरगुंडीवरून सरळ तळ्यात पडतं. पहिला टेक बरा झाला. दुसरा चांगला झाला, ते मला आतून कळलं. रेकॉर्डिस्ट म्हणाला, ताई, सेफ्टीला, हाताशी असावा म्हणून, अजून एक देता का.

या कामात मला ‘देता का’ असं विचारल्यावर मी कधीच नाही म्हटलं नव्हतं.

“तिसरा नको,” मी म्हटलं. “दुसऱ्यात सगळं आहे.”

रेकॉर्डिस्टने मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी दुसरा टेक पुन्हा लावला. पिल्लू किंचाळलं, पडलं, पाणी उडालं. त्यांनी तो अजून एकदा ऐकला.

“आहे,” त्या म्हणाल्या. “उद्या दहाला ये.”

मी हेडफोन काढून खुंटीला अडकवले, बाटलीतलं कोमट पाणी प्यायले आणि घरी निघाले. डोंबिवली स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला पत्ता सांगितला तेव्हा माझा आवाज अगदी ठीक होता.